सुपरचार्जरची मोटारसायकल : ताकदीचा हिशोब आणि चाचणीची शिस्त

या पानाचे बरेच वाचक गॅरेज, स्पेअर पार्ट, टायर आणि लेथ मशीनच्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे अधूनमधून एक वेगळी मागणी येते. गिऱ्हाईक तरुण असते, गाडी महागाची असते आणि ते म्हणते, "उस्ताद, हिला सुपरचार्जर बसवायचा आहे. होईल ना?" मजुरी चांगली मिळणार हे समोर दिसत असते, म्हणून "होईल" हे उत्तर पटकन तोंडातून निघून जाते.

या कामात ताकद कुठून येते, ती कुठे वाया जाते, ट्यूनिंग कसे करतात आणि तयार झालेली गाडी चालवून कशी पाहतात, हे आज आम्ही सोप्या भाषेत मांडणार आहोत. आम्ही कापडाच्या धंद्यातले. इंजिन खोलणे हे आमचे काम नव्हे. परंतु ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांतला फरक ज्याला कळतो, त्याला सुपरचार्जर समजायला वेळ लागत नाही, असे आमचे मत आहे.

सुपरचार्जर म्हणजे काय?

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. खरे पाहता ते हवा आणि पेट्रोल या दोघांच्या मिश्रणावर चालते, आणि त्यात हवेचा वाटा फार मोठा आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल वाढवणे सोपे आहे. अडचण हवेची आहे. साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो, पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने हवा आत शिरते. हा दाब साधारण १ बार असतो. त्याच्या जोरावर जेवढी हवा आत जाईल तेवढीच. इंजिनाची ताकद तिथे अडते.

सुपरचार्जर हा हवा दाबून भरणारा पंप आहे. तो इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून गिअरने किंवा पट्ट्याने फिरतो. टर्बोचार्जर हे त्याचे भावंड. पण टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो, तर सुपरचार्जर इंजिनाच्याच कमाईतून आपले वेतन काढून घेतो. म्हणजे पंप फिरवायला जी ताकद लागते, ती इंजिनाने आधी द्यायची आणि मग वाढीव हवेतून ती वसूल करायची.

मोटारसायकलवर आज बहुधा सेंट्रिफ्युगल प्रकारचा सुपरचार्जर दिसतो. त्यात पात्यांचे एक लहान चाक प्रचंड वेगाने फिरते आणि हवा बाहेरच्या कडेकडे फेकून दाबते. या प्रकाराची खासियत अशी की दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. इंजिनाचे फेरे निम्मे असतील तर दाब निम्मा नव्हे, सुमारे चौथा हिस्सा मिळतो. म्हणून अशी गाडी खालच्या फेऱ्यांत गरीब वाटते आणि वर गेली की एकदम अंगावर येते. ही गोष्ट चाचणीच्या वेळी महत्त्वाची ठरते.

ही कल्पना नवी नाही

पुष्कळांना वाटते की हे सारे आजकालचे खूळ आहे. तसे नाही. १९३७ साली जर्मनीच्या एर्न्स्ट हेन्ने याने बीएमडब्ल्यूच्या ५०० सीसी सुपरचार्जर मोटारसायकलवर ताशी २७९.५ किलोमीटरचा विक्रम केला. तो १४ वर्षे टिकला. १९३९ साली आयल ऑफ मॅन या बेटावरील सीनियर टीटी शर्यत गेओर्ग मायर याने बीएमडब्ल्यूच्याच सुपरचार्जर गाडीवर जिंकली. त्या शर्यतीची एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची असून ती डोंगरातून, गावांमधून, दगडी भिंतींच्या कडेने जाते.

पण त्याच १९३९ साली त्याच संघाचा कार्ल गाल हा तजुर्बेकार स्वार सरावात मरण पावला, हेही सांगितले पाहिजे. विजयाचा फोटो सर्वजण पाहतात. सरावात गेलेल्या माणसाचे नाव फार थोड्यांना आठवते. चाचणीच्या धावेला शर्यतीइतकेच गांभीर्य का द्यायचे, याचे उत्तर त्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली मोटारसायकल शर्यतींतून सुपरचार्जरवर बंदी आली. शर्यतीत चालत नाही ते कारखान्यातही मागे पडते. १९८० नंतरच्या काही वर्षांत जपानच्या चारही मोठ्या कंपन्यांनी टर्बोच्या मोटारसायकली काढून पाहिल्या, पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. सुपरचार्जर मोठ्या थाटात परत आला तो २०१५ साली, कावासाकीच्या निंजा एच-टू या गाडीवर.

कावासाकीने काय केले ते पाहा

केबी १०० मुळे कावासाकी हे नाव आपल्याकडे जुन्या पिढीलाही माहीत आहे, आणि तिचा भारतातील कारभार पुण्याजवळ चाकणहून चालतो. एच-टू भारतात आली तेव्हा तिची दिल्लीतील शोरूमची किंमत सुमारे २९ लाख रुपये होती. एवढे पैसे कशाचे, असा प्रश्न कोणालाही पडेल.

या गाडीचे इंजिन ९९८ सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. सुपरचार्जरचे पात्यांचे चाक फक्त ६९ मिलिमीटर व्यासाचे, ॲल्युमिनियमच्या घडीव गोळ्यातून कोरून काढलेले. ते क्रँकच्या ९.२ पट वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला १४,००० फेरे घेते तेव्हा हे चाक सुमारे १,२९,००० फेरे घेते. हिशोब केला तर त्याच्या कडेचा वेग आवाजाच्या वेगाहूनही जास्त भरतो. कंपनीच्या माहितीप्रमाणे ते सेकंदाला २०० लिटरपेक्षा जास्त हवा ढकलते आणि हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या २.४ पटीपर्यंत नेते. हे चाक घडवताना कावासाकीने आपल्या गॅस टर्बाइन आणि विमान विभागातील कारागिरांची मदत घेतली.

परंतु आमच्या मते खरी शिकण्याची गोष्ट पात्यांत नाही, पिस्टनच्या वर आहे. साध्या १००० सीसी शर्यती मोटारसायकलचा दाबाचा भाग, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, १३ ला १ च्या आसपास असतो. एच-टू मध्ये तो मुद्दाम ८.५ ला १ इतका खाली ठेवला आहे. हवा आधीच दाबून येणार असेल तर पिस्टनने तिला आणखी किती दाबावे, हे कंपनीने पहिल्या दिवशीच ठरवले.

आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या एच-टूची ताकद सुमारे २०० अश्वशक्ती ठेवली आणि फक्त ट्रॅकसाठी असलेल्या एच-टू-आर ची ३१०. मूळ इंजिन एकाच घराण्यातले. ज्या कंपनीला ३१० काढता येतात, ती रस्त्यासाठी २०० वर थांबली. बाजारात मात्र आपल्याला उलटे दिसते. ज्याच्याकडे ना प्रयोगशाळा ना ट्रॅक, तो शेवटचा घोडाही काढून देण्याची हमी देतो.

ढोबळ नफा आणि निव्वळ नफा

आता मुख्य हिशोब. गिऱ्हाइकाला सांगितले जाते, "अर्धा बार दाब वाढवला की हवा दीडपट, ताकद दीडपट." हा ढोबळ नफा झाला. निव्वळ किती उरतो ते पाहू.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाला हात लावून पाहिलेल्या मुलालाही हे ठाऊक असते. समजा बाहेर ३५ अंश तापमान आहे. हवा दीडपट दाबाने भरली आणि पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे विरळ होते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी प्रत्यक्ष हवा फक्त सव्वापट आत जाते. मध्ये इंटरकूलर लावून तीच हवा ५५ अंशांवर आणली, तर ती सुमारे १.४ पट भरते. पंप फिरवण्याचा खर्च यातून आणखी वजा करायचा.

म्हणजे ५० टक्क्यांच्या जाहिरातीतले २५ टक्के हातात आले, आणि उरलेले उष्णता होऊन इंजिनात शिरले. ही उष्णता नुसता तोटा नाही, ते कर्ज आहे. त्याची फेड कोणी ना कोणी करावीच लागते. ट्यूनिंग म्हणजे ही फेड कशी करायची याची व्यवस्था होय.

खरा शत्रू : नॉकिंग

स्पार्क पडल्यावर मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने जळत जावे, असे इंजिनाचे गणित असते. मिश्रण जास्त तापले, जास्त दाबले गेले किंवा स्पार्क फार लवकर पडला, तर कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपली पाळी येण्यापूर्वीच भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे हलवल्यासारखा त्याचा आवाज येतो. पिस्टनच्या माथ्यावर थंड वायूचा एक पातळ थर असतो, तो या धक्क्यांनी फाटतो. मग ॲल्युमिनियम वितळते, रिंगांच्या कडा तुटतात, पिस्टनला भोक पडते. जोराच्या धावेत यासाठी काही सेकंदही पुरतात. मागचे चाक जाम झाले तर पुढे काय होते ते सांगायला नको.

यातली फसवी बाब अशी की मिश्रण थोडे लीन, म्हणजे पेट्रोल थोडे कमी असले की गाडी अगदी ताजी, हलकी आणि चपळ वाटते. स्वार खूश होऊन येतो आणि म्हणतो, "आज गाडी उडाली." दाबाच्या इंजिनात हे वाक्य ऐकून उस्तादाने खूश होऊ नये, प्लग काढून पाहावा. पांढऱ्या चिनी मातीवर करडे, चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. काम तिथेच थांबवावे.

पेट्रोलचाही यात मोठा वाटा आहे. ऑक्टेन जितका जास्त, तितकी नॉकिंग सहन करण्याची शक्ती जास्त. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल काही शहरांत आणले, त्यांत मुंबई आणि पुणेही होते. पण ज्या पेट्रोलवर गाडी ट्यून केली तेच गिऱ्हाईक रोज भरेल याची खात्री काय? शिवाय २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आहे. इथेनॉल थंडावा देते, ऑक्टेनही वाढवते. परंतु त्याला हवा कमी आणि स्वतःचे प्रमाण जास्त लागते. अशा मिश्रणाला १ किलोमागे १४.७ नव्हे, सुमारे साडेतेरा किलो हवा पुरते. म्हणून निव्वळ पेट्रोलवर बसवलेले जुने ट्यूनिंग या पेट्रोलवर आठ-नऊ टक्के लीन जाते. साध्या गाडीत हे चालून जाते. दाबाच्या गाडीत तेवढाच फरक पिस्टन घेऊन जातो.

ट्यूनिंगचा क्रम

तजुर्बेकार लोक एका ठराविक क्रमाने जातात. तो क्रम असा :

पहिले, इंजिनाची तब्येत. सुपरचार्जर लावण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि गळती तपासावी. चारांपैकी एक जरी कमजोर असेल तर काम तिथेच थांबवावे. मागाचा वेग वाढवला की कापड जास्त निघते हे खरे, पण सूत कच्चे असेल तर तारा तुटतात, माग उभा राहतो आणि दिवसाअखेर कापड कमीच भरते. कच्च्या इंजिनाचेही तसेच आहे.

दुसरे, पेट्रोलचा पुरवठा. इंजेक्टर ज्या पोकळीत पेट्रोल सोडतो तिथे आता दाब आहे. पेट्रोलचा दाब ३ बार असेल आणि समोरून अर्धा बार ढकलत असेल, तर कामाचा दाब अडीच बारच राहतो आणि पेट्रोल जवळजवळ ९ टक्के कमी पडते, तेही नेमके जास्त हवे असते त्या वेळी. म्हणून रेग्युलेटरला सुपरचार्जरच्या दाबाची नळी जोडतात, म्हणजे पेट्रोलचा दाब त्याच प्रमाणात वाढतो. इंजेक्टर ८०-८५ टक्क्यांच्या पुढे चालवू नयेत; पुढची जागा अडचणीच्या वेळेसाठी असते.

तिसरे, प्लग आणि टायमिंग. प्लग एक पायरी थंड घ्यावा आणि त्याची फट कमी ठेवावी, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायला कचरते. स्पार्क उशिरा पाडावा. कामचलाऊ नियम असा की दर पौंड दाबामागे सुमारे १ अंश मागे. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा नव्हे.

चौथे, डायनो. डायनो म्हणजे मागचे चाक रोलरवर ठेवून गाडी जागेवरच धावती करण्याचे यंत्र. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवतात आणि मिश्रणाचा आकडा पडद्यावर पाहतात. सुरुवात कमी रेसवर, कमी फेऱ्यांवर. ५००-५०० फेऱ्यांच्या पायऱ्यांनी वर जायचे आणि प्रत्येक पायरीवर आकडे लिहायचे. पूर्ण रेसवर दाबाच्या इंजिनात मिश्रण साडेअकरा ते बारा असे भरघोस ठेवतात. जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेते. कर्जाची एक फेड ती. नंतरच टायमिंगला हात लावायचा, तोही एकेका अंशाने पुढे. ताकद वाढायची थांबली की आणखी पुढे न जाता एक-दोन अंश मागे यायचे. पुष्कळ जुने उस्ताद तांब्याची नळी इंजिनाच्या ब्लॉकला लावून तिच्या दुसऱ्या टोकाने नॉकिंग ऐकतात. यंत्रे आली तरी कानाची किंमत कमी झालेली नाही.

पाचवे, तिसरी ओढ. थंड इंजिनावर डायनोची पहिली ओढ नेहमी सुंदर आकडा देते. तोच कागद छापून भिंतीवर लावतात. मध्ये विश्रांती न देता दुसरी आणि तिसरी ओढ घ्यावी. हवापेटी, इंटरकूलर, नळ्या सर्व तापल्यावर जो आकडा येईल तोच प्रामाणिक आकडा. पहिल्या आणि तिसऱ्या ओढीत फार फरक असेल तर उष्णतेची फेड झालेली नाही असे समजावे.

आणि सहावे, थांबणे. दाब वाढवण्यासाठी लहान पुली बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. मोह तिथेच होतो. शेवटचे पाच घोडे काढण्यासाठी सारी शिल्लक खर्च होते. ज्या ट्यूनिंगमध्ये शिल्लक नाही ते मे महिन्याच्या दुपारी, घाटात, भेसळीच्या पेट्रोलवर उघडे पडते. धंद्यात ज्याने हात राखून माल घेतला तो मंदीतही उभा राहतो, हे व्यापारी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

चालवून पाहण्याची शिस्त

डायनोवर गाडी जागेवर असते. तिच्यावर वारा येत नाही, रस्ता उडवत नाही, ब्रेक मारावा लागत नाही. म्हणून डायनोचा कागद म्हणजे परीक्षेचा अर्धाच पेपर.

चाचणी बंद ट्रॅकवर किंवा परवानगी घेतलेल्या धावपट्टीवरच करावी. हायवेवर पहाटे गर्दी नसते ही सबब चालत नाही. आकडे पाहा. ताशी १०० किलोमीटर वेगाला एका सेकंदात २८ मीटर जातात आणि चांगला ब्रेक लावूनही पुढे सुमारे ४३ मीटर लागतात. एकूण ७१ मीटर. ताशी २०० ला हेच गणित २२७ मीटरवर जाते. वेग दुप्पट, थांबायला जागा तिपटीहून जास्त. पहाटेच्या अंधारात २२७ मीटरवरची म्हैस किंवा उभा ट्रक कोणाला दिसतो?

पहिल्या दिवशी वेगाचे नावच काढू नये. तेल, पाणी, नळ्यांचे क्लॅम्प, पट्ट्याचा ताण, चेन, ब्रेक, टायरची हवा आणि टायरचे वय पाहावे. गाडी जागेवर तापवून पंखा दोनदा सुरू होऊ द्यावा, पूर्ण थंड करावी आणि सर्व क्लॅम्प पुन्हा आवळावेत. मग १५-२० मिनिटांची सौम्य धाव, अर्ध्यापेक्षा कमी रेसवर, दाब न चढू देता. परत येऊन गळती पाहावी.

दुसऱ्या टप्प्यात थोड्या थोड्या वेळासाठी दाब चढू द्यावा. रेस एकदम सोडली की काय होते ते इथे कळते. थ्रॉटल बंद झाला तरी सुपरचार्जर फिरतच असतो. ती हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट उघडला नाही तर हवा उलटी मारते आणि पात्यांना धक्के बसतात. रेस हळू पुन्हा उघडताना गाडी झटका देते का, हेही पाहावे. वळणात असा झटका बसला तर मागचे चाक सुटते. कारखान्याच्या एच-टूवर चाक घसरू न देणारी यंत्रणा असते. बाहेरून किट लावलेल्या जुन्या गाडीवर फक्त स्वाराचे मनगट असते.

तिसऱ्या टप्प्यात पूर्ण रेस, पण फक्त सरळ पट्टीवर, वरच्या गिअरात आणि तीन-चार सेकंदच. खालच्या गिअरात पुढचे चाक उचलते म्हणून वरचा गिअर. नंतर क्लच दाबून, किल स्विचने इंजिन बंद करून गाडी घरंगळत थांबवावी आणि प्लग काढून पाहावा. असे केल्याने प्लगवर पूर्ण रेसचीच खूण राहते, नंतरच्या हळू चालवण्याची नाही. सोबत मिश्रण, दाब आणि हवेचे तापमान नोंदवणारे यंत्र असावे. स्वाराला काय वाटले तेही लिहावे, पण यंत्राचा आकडा आणि स्वाराचे मत वेगळे पडले तर आकड्यावर विश्वास ठेवावा.

चाचणी एका दिवसात संपत नाही. थंड हवा दाट असते. जानेवारीच्या पहाटे तीच गाडी जास्त हवा खाते आणि पेट्रोल त्या मानाने वाढले नाही तर लीन जाते. मेच्या दुपारी हवा विरळ, पण तापलेली; तेव्हा नॉकिंगची भीती. दोन्ही ऋतू पाहिल्याशिवाय गाडी तयार झाली असे म्हणू नये. आणि ट्रॅकवर एकटे कधी जाऊ नये. सोबत दुसरा माणूस, आग विझवण्याचा सिलिंडर आणि दवाखान्यापर्यंत नेणारे वाहन हवेच.

चांगल्या चाचणीचे मोठे उदाहरण तुर्कस्तानात आहे. ३० जून २०१६ रोजी केनान सोफुओग्लू याने इझमितच्या आखातावरील उस्मान गाझी पुलावर एच-टू-आर चालवली आणि २६ सेकंदांत गाडीच्या काट्यावर ताशी ४०० किलोमीटरचा आकडा दिसला. लोकांनी तेवढाच तुकडा पाहिला. पूल नवा होता, वाहतुकीला अजून खुला झाला नव्हता, त्याचा मधला गाळाच १,५५० मीटरचा. टायर खास, इंधन खास, आणि स्वार सुपरस्पोर्ट गटात कारकीर्दीत पाच वेळा विश्वविजेता ठरलेला. हवा कापण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. २०० वरून ४०० ला जायचे तर आठपट ताकद लागते. म्हणजे ती २६ सेकंदे उधारीवर मिळालेली नव्हती. तिची किंमत आधी मोजलेली होती.

कायदा आणि गॅरेजवाल्याची जबाबदारी

आपल्या देशात कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या, पासिंग झालेल्या गाडीला सुपरचार्जर लावून देणे हा धंदा नव्हे, तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकवलेला फास आहे. हे काम फक्त ट्रॅकच्या गाड्यांचे. अशा शर्यती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरच्या करी आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर होतात.

ट्रॅकचे काम घेतलेच तर काही नियम पाळावेत. काम सुरू करण्यापूर्वीचा डायनोचा कागद आणि नंतरचा, दोन्ही गिऱ्हाइकाला द्यावेत. कोणत्या पेट्रोलवर, किती दाबाला, कोणत्या हवामानात ट्यून केले ते लिहून सही घ्यावी. काढलेले मूळ सामान मोजून परत करावे. चाचणीची पहिली धाव मालकाला घेऊ देऊ नये. ब्रेक, टायर, चेन आणि क्लच वाढीव ताकदीला पुरे पडत नसतील तर आधी ते करावेत आणि त्याला पैसे नसतील तर काम नाकारावे. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे. तिच्यावर बसणारा मुलगा त्याहून मोठी अमानत आहे.

मग या विद्येचा साध्या गॅरेजवाल्याला काय फायदा? पुष्कळ आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. साध्या १०० सीसी गाडीतही आज इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि कंट्रोल युनिट आहे. मिश्रणाचा आकडा वाचणे, टायमिंग समजणे, प्लग पाहून निदान करणे, नोंद ठेवणे हे सारे हुन्नर सुपरचार्जरच्या कामात लागतात आणि तेच आता शेजारच्या दूधवाल्याच्या गाडीलाही लागतात. ज्यांची मुले किंवा शागीर्द गॅरेजमध्ये काम करतात त्यांनी त्यांना सेन्सर आणि स्कॅनरचे शिक्षण द्यावे, एक वही द्यावी आणि प्रत्येक गाडीचे आकडे लिहिण्याची सवय लावावी. सुपरचार्जरची मागणी वर्षातून एकदा येईल. ही वही रोज कमाई देईल.